युद्धाविरुद्ध नागपूर: एक मोठा मोर्चा नको, एकाच वेळी अनेक चौक हवेत

नागनदी

मंडळी, विषय मोठा आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मे २०२५ मधले भारत-पाकिस्तान संघर्षाचे ते चार दिवस आठवून पाहा. ७ तारखेच्या पहाटेपासून १० तारखेच्या संध्याकाळपर्यंत. त्या काळात नागपुरात युद्ध नको असं वाटणारी माणसं नव्हती असं मुळीच नाही. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये होती, भाजीबाजारात होती, सिटी बसमध्ये होती. पण जो तो एकेकटा होता. काही वाहिन्या कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या देत होत्या, त्या पुढे खोट्या निघाल्या. तोवर आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आला होता. "सीमेवरच्या गावातल्या लोकांचं काय हो?" एवढंच एका ताईंनी विचारलं, तर त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं. त्याच दिवसांत पूंछमध्ये तोफगोळ्यांनी लहान मुलं मरत होती. त्या ताईंच्या बाजूनं बोलावंसं वाटणारे ग्रुपात बरेच होते, हे मला नंतर एकेकाशी बोलताना कळलं. एकानेही तोंड उघडलं नव्हतं, कारण प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच.

युद्ध पेटल्यावर माणसं शोधायला निघालं तर काही हाती लागत नाही. ओळखी, शब्द, कामाची वाटणी, सगळं आधी तयार असावं लागतं. त्यासाठी हा धागा.

माझा प्रस्ताव असा. येत्या ६ ऑगस्टला सकाळी सव्वाआठ वाजता शहरात जमेल तितक्या ठिकाणी एकाच वेळी वीस मिनिटं उभं राहायचं. चौकात, विहारासमोर, कॉलेजच्या गेटबाहेर, वस्तीच्या तोंडाशी. फलक तेच, पत्रक तेच. हिरोशिमावर बॉम्ब पडला तो १९४५ मध्ये याच तारखेला, तिथल्या घड्याळात सव्वाआठला. त्या वर्षाअखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसं गेली. ही तारीख कोणत्या पक्षाची नाही, कोणत्या धर्माची नाही, आणि भारत-पाकिस्तान भांडणात ओढता येत नाही.

मोठा मोर्चा का नको, तेही सांगते. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात आणि पोलिसांनी ठरवून दिलेल्या ठिकाणी अडवले जातात. निवेदन दिलं जातं, दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी. मोठ्या मोर्चाला गाड्या लागतात, मंडप लागतो, माईक लागतो, म्हणजे पैसा लागतो, आणि पैसा ज्याचा झेंडा त्याचा. शिवाय गर्दी ही जोखीम असते. २३ नोव्हेंबर १९९४ ला याच शहरात गोवारी बांधवांच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जीव गेले, त्यात बायका आणि लेकरंच जास्त होती. सीताबर्डीवरच्या स्मारकाजवळून जाताना मी हे विसरू शकत नाही. माणसं बोलवायची तर त्यांना सुखरूप घरी पोचवायची जबाबदारीही बोलावणाऱ्याचीच.

लहान तुकड्यांनी काम होतं याचा दाखला नागपुरातच आहे. १९२३ चा झेंडा सत्याग्रह. सिव्हिल लाइन्समध्ये राष्ट्रीय झेंडा न्यायला बंदी होती. १ मेपासून रोज एक छोटी तुकडी झेंडा घेऊन निघायची, अटक व्हायची. दुसऱ्या दिवशी दुसरी. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, पुढे वल्लभभाई पटेलांनी सूत्रं घेतली, प्रांताप्रांतातून स्वयंसेवक येत राहिले, हजाराहून जास्त लोकांनी अटक करून घेतली. ऑगस्टात झेंडा सिव्हिल लाइन्समधून गेला. त्यातली ताकद एका दिवसाच्या गर्दीत नव्हती. उद्या कोण जाणार हे आज ठरलेलं असायचं, त्यात होती.

मागण्यांचा मसुदा: शेजाऱ्यांशी वाद बोलणीतून सोडवा, संरक्षण खर्चावर संसदेत सविस्तर चर्चा करा, अण्वस्त्रबंदी करारावर सही करा. आता तुम्ही बोला.

कामठीचा_फौजी

ताई, तुमचं मन साफ दिसून राहिलं, म्हणून लिहितो. नाहीतर असे धागे मी वाचतबी नाही.

बावीस वर्षं वर्दी घातली. युद्ध पाहिजे म्हणणारा फौजी मी तरी पाहिला नाही. टीव्हीवर ओरडणारे वेगळे आणि थंडीत पोस्टवर उभा राहणारा वेगळा. पण तुम्ही लोक चौकात उभे राहता तेव्हा ऐकणाऱ्याले वाटते की हे फौजेच्या विरोधात आहेत. कामठीत दर दुसऱ्या घरात कोणीतरी सर्व्हिसमध्ये आहे, होता, नाहीतर भरतीची तयारी करून राहिला. पोरं पहाटे चार वाजता रनिंगले जातात. त्यांच्या मायेले काय सांगाल?

आणि खर्चाचं म्हणाल तर २०२५-२६ च्या बजेटात संरक्षणाले ६.८१ लाख कोटी दिले, बरोबर. त्यातले १.६० लाख कोटी पेन्शन आहे. ते माझं पेन्शन आहे, माझ्या शेजारच्या वीरपत्नीचं पेन्शन आहे. "संरक्षण खर्च कमी करा" असा बोर्ड घेऊन तुम्ही कामठीत याल तर मी तुमच्या समोर उभा राहीन, बाजूला नाही.

नागनदी

दादा, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. "खर्च कमी करा" असं मी म्हटलेलं नाही, पण लोक तसंच वाचणार हे मला पटलं. पेन्शनला कोणी हात लावू नये, हे पत्रकात स्पष्ट शब्दांत यायला हवं.

माझा मुद्दा हिशोबाचा आहे. त्याच बजेटात केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाला मिळाले साधारण १ लाख कोटी. मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात एका खाटेवर दोन पेशंट पाहिलेल्या माणसाला हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून विचार करू द्या, एवढंच. जगाचं २०२४ मधलं लष्करी खर्चाचं गणित स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेने २,७१८ अब्ज डॉलर काढलं. त्यात आपण पाचव्या क्रमांकावर, ८६.१ अब्ज. प्रत्येक देश म्हणतो शेजारी वाढवतो म्हणून मी वाढवतो. कोणीतरी विचारायला तर हवं.

वाडी_नाका

मी वाडीची. बाबा आयुध निर्माणीत होते, आता रिटायर झाले. आमचं घर, माझं शिक्षण, सगळं त्या पगारावर. म्हणून या विषयावर बोलताना माझी जीभ अडखळते आणि तरी बोलायचं आहे.

युद्धविरोधी लोक कारखान्याच्या गेटवर येऊन "मृत्यूचे कारखाने बंद करा" म्हणतात तेव्हा आत काम करणाऱ्याला ते शिवीसारखं लागतं. त्याने काय करावं? २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, ८ कामगार गेले. डिसेंबर २०२३ मध्ये बाजारगावच्या स्फोटकांच्या खाजगी कारखान्यात ९ गेले, त्यात बऱ्याच बायका होत्या. ३१ मे २०१६ ला पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली तेव्हा आमच्या कॉलनीत रात्रभर कोणी झोपलं नव्हतं, कारण तिथे कोणाचा तरी भाऊ, कोणाचा तरी जावई होता. युद्ध झालं नाही तरी विदर्भातली माणसं युद्धाच्या सामानाने मरतात. ही गोष्ट तुमच्या पत्रकात का नाही?

कामगारांना शत्रू करू नका. त्यांच्या सुरक्षिततेचं बोला. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या, युनियनचा विरोध होता, संपावर बंदी घालणारा कायदा त्याच वर्षी आला. त्या वेळी शांततावाले आमच्या बाबांच्या बाजूने उभे असते तर आज गेटवर तुमचं पत्रक कोणीतरी हातात घेतलं असतं. १९७६ मध्ये ब्रिटनमधल्या लुकास एरोस्पेसच्या कामगारांनी स्वतः यादी केली होती की आमच्या यंत्रांवर शस्त्रांऐवजी काय काय बनू शकतं. किडनीच्या पेशंटसाठी यंत्रं होती त्यात, ऊर्जा वाचवणारी साधनं होती. मालकांनी मानली नाही ती योजना. पण यादी कामगारांनी केली होती, बाहेरच्यांनी नाही. हे असं बोलणं आमच्या वाडीत ऐकलं जाईल.

इंदोऱ्याचा_पोरगा

जय भीम सगळ्यांना.

दोन गोष्टी. पहिली, या शहरात शांततेची सुरुवात आपण करून नाही राहिलो. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर लाखो लोकांना धम्म दिला, तो अशोक विजयादशमीचा दिवस होता. कलिंगात लाखभर माणसं मारली गेली आणि दीड लाख लोकांना धरून नेलं, हे सम्राट अशोकाने स्वतः आपल्या तेराव्या शिलालेखात कोरून ठेवलं, पश्चात्तापासकट. जगात किती राजांनी असं केलं? आमच्या आजीला वाचता येत नव्हतं पण कलिंगाची गोष्ट ती पाठ सांगायची. विजयादशमीला एकीकडे रेशीमबागेत संघाचं शस्त्रपूजन होते आणि दुसरीकडे दीक्षाभूमीवर लोक पंचशील म्हणतात. नागपूरचा माणूस हे दोन्ही बघत मोठा होतो.

दुसरी गोष्ट, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीचा कोणी वापर करायचा नाही. लोक गावागावातून पायी येतात, पुस्तकं घेतात, बाबासाहेबांसमोर डोकं टेकतात. तो त्यांचा दिवस आहे. तिथे तुमचा फलक नको. पण ६ ऑगस्टला वस्तीतल्या विहारांत सकाळच्या वंदनेनंतर वीस मिनिटं द्यायला कोणी नाही म्हणणार नाही. इंदोरा, लष्करीबाग, पाचपावली, बेझनबाग एवढी विहारं मी आणि माझे मित्र बोलू शकतो. आणि कामठीचं ड्रॅगन पॅलेस तर जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने उभं झालं, १९९९ ला. छावणीचं गाव, तिथेच जपानशी नातं सांगणारं बुद्धविहार. हिरोशिमाच्या दिवशी तिथून चांगली जागा नाही. फौजी दादा, विचार करा.

प्रश्न_आहे

वाचतोय सगळं. पण खरं सांगा, १५ फेब्रुवारी २००३ ला जगभरातल्या सहाशेच्या आसपास शहरांत लोक उतरले होते, इराक युद्ध होऊ नये म्हणून. एकट्या रोममध्ये लाखो. महिनाभरात बॉम्ब पडलेच. मग नागपुरात चौकात उभं राहून कोणाला काय फरक पडणार? मनापासून विचारतोय.

नागनदी

तुमचा प्रश्न मलाही रात्री छळतो, म्हणून नीट उत्तर देते.

युद्ध थांबलं नाही, खरं आहे. पण त्या वर्षी आणखी काही झालं. १ मार्चला तुर्कस्तानच्या संसदेने अमेरिकी सैन्याला आपल्या भूमीवरून इराकमध्ये उतरू द्यायला नकार दिला. त्या दिवशी अंकारात लोक रस्त्यावर होते. आणि आपल्याकडे? अमेरिकेला भारताचं सैन्य इराकमध्ये हवं होतं, जवळजवळ एक डिव्हिजन. सरकारात त्यावर बराच खल झाला. संसदेने एप्रिलात युद्धाची निंदा करणारा ठराव केला होता, देशभर विरोध होता, आणि १४ जुलै २००३ ला वाजपेयी सरकारने सैन्य पाठवायला नकार दिला. आपली हजारो पोरं त्या वाळवंटात गेली नाहीत. कामठीतूनही कोणी गेलं असतं कदाचित.

न झालेल्या मरणाचं स्मारक होत नाही, त्यामुळे असं यश कोणाच्या लक्षात राहत नाही. मला वाटतं लोक उभे राहतात तेव्हा सरकारला युद्ध महाग पडतं. कधी त्याने थांबतं, कधी नाही, कधी फक्त एका देशाची पोरं वाचतात. तेवढ्यासाठीही मी उभी राहीन.

पण पुढची तारीख ठरलेली नसली की लोक एका दिवसानंतर घरी जातात. म्हणून माझा हट्ट आहे की ६ ऑगस्टनंतर दर महिन्याच्या ६ तारखेला, कितीही कमी लोक असले तरी, उभं राहायचंच.

पवनारची_वाट

मी वर्ध्याहून लिहितो. वयाने मोठा आहे, धागे वाचायला नात मदत करते.

१७ ऑक्टोबर १९४० ला विनोबा पवनारहून वैयक्तिक सत्याग्रहाला निघाले, ते पहिले सत्याग्रही. युद्धाला माणसं किंवा पैसा देऊन मदत करणं चूक आहे, एवढंच सांगायचं होतं. गांधीजींना हवी असती तर देशभर लाखोंची गर्दी करता आली असती. त्यांनी केली नाही. एकेक माणूस पारखून निवडला. सत्याग्रहीने कुठे, कधी बोलणार हे जिल्हा मॅजिस्ट्रेटला आधी कळवायचं, असा नियम होता. लपवाछपवी नाही. दुसरे सत्याग्रही जवाहरलाल होते.

डिसेंबर १९४९ च्या शेवटच्या आठवड्यात सेवाग्रामला जगभरचे शांततावादी जमले होते. अनेक देशांचे लोक, युद्धात नुकतेच होरपळलेले. गांधीजी नव्हते, पण कुटी होती. ऐंशी किलोमीटरच्या आत एवढा वारसा असताना नागपूरकरांनी दिल्लीकडे बघत बसू नये.

माझी सूचना शिस्तीबद्दल. १९५७ ला विनोबांनी शांतिसेना सुरू केली तेव्हा अपेक्षा अशी होती की दंगलीच्या मध्ये उभं राहायची तयारी ठेवावी. आपल्याला एवढं नको, पण प्रत्येक ठिकाणी दोन जण असे हवेत की कोणी शिवी दिली, फलक फाडला, अंगावर आलं, तरी त्यांचा आवाज वर जाणार नाही. अशी माणसं आधी निवडा, त्यांचा सराव घ्या. खरंच घ्या. अर्ध्या लोकांनी शिव्या द्यायच्या आणि अर्ध्यांनी उभं राहायचं. पहिल्या वेळी सगळ्यांना राग येतो. तिसऱ्या वेळी येत नाही.

कोर्टाच्या_पायऱ्या

वकिली करतो, म्हणून कायद्याचं तेवढं सांगतो.

शांततेने, शस्त्राविना एकत्र जमण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये आहे. पण तो वाजवी निर्बंधांच्या अधीन आहे. नागपुरात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाईचे आदेश निघत असतात, आणि जुन्या फौजदारी संहितेच्या कलम १४४ च्या (जमावबंदीच्या) जागी जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आलंय. आदेशात बहुतेक वेळा पाच किंवा जास्त लोकांनी जमू नये असं असतं. आदेश मोडला तर न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा. म्हणून चार जण उभे राहणार असले तरी त्या त्या पोलीस ठाण्याला लेखी कळवा. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. ती पोच त्या ठिकाणच्या जबाबदार माणसाच्या खिशात असू द्या. माईक लावूच नका, म्हणजे ध्वनिक्षेपकाची वेगळी परवानगी नको. फूटपाथवर उभे राहा, रस्ता अडवू नका. ऑक्टोबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने शाहीन बागच्या निकालात सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही असं म्हटलं आहे.

पोस्ट लिहिताना शब्द जपून. न्याय संहितेचं कलम १५२, देशाच्या एकतेला धोका आणण्याबद्दलचं, फार मोघम आहे, त्यात कशाला काय म्हणतील सांगता येत नाही. दुसऱ्या बाजूला ७ मार्च २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकालही लक्षात ठेवा. महाराष्ट्रातल्याच एका प्राध्यापकावरचा गुन्हा रद्द करताना कोर्टाने स्पष्ट म्हटलं की सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा नागरिकाला हक्क आहे, आणि शेजारी देशाला त्याच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देणं गुन्हा नाही. गुन्हा रद्द झाला हे खरं, पण त्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. म्हणून घाबरू नका आणि बेफिकीरही राहू नका.

कोणाला ठाण्यात बसवलं तर मी आणि माझे दोन सहकारी त्या सकाळी मोकळे राहू. नाव-नंबर इथे टाकू नका, ठिकाणाच्या जबाबदार माणसाला खाजगीत देतो.

मोमिनपुऱ्यातून

आमच्याकडचं सांगते. मार्च २०२५ मध्ये महालात दंगल झाली, संचारबंदी लागली, त्यानंतर आमच्या मोहल्ल्यात चार माणसं नाक्यावर उभी राहिली तरी आया खिडकीतून हाका मारतात. युद्धाविरुद्ध आम्ही बोललो तर त्याचा अर्थ वेगळाच काढला जातो हे तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे आमच्या बायकांना फक्त मोमिनपुऱ्यातल्या जागी उभं करू नका. आम्हाला धरमपेठेत, सदरमध्ये, बर्डीवर (सीताबर्डीवर) सोबत उभं राहू द्या, आणि तिकडच्या ताई आमच्याकडे येऊ द्या. प्रत्येक जागी दोन-तीन वस्त्यांची माणसं मिसळलेली असावीत. मला तरी हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

जरीपटक्याचा_सिंधी

माझे आजोबा १९४७ ला सिंधमधून आले, आधी निर्वासित छावणी, मग जरीपटका. ते शेवटपर्यंत गावातल्या विहिरीचं बोलायचे. सीमेपलीकडे आमचे शत्रू राहतात असं आमच्या घरात कधी कोणी म्हटलं नाही. जरीपटक्यात माझी जबाबदारी.

नवखी_विद्यार्थिनी

मला एक विचारायचं आहे. मी आमच्या कॉलेजमध्ये बोलले तर सगळे छान छान म्हणतात, पण सकाळी सव्वाआठला किती येतील माहीत नाही. फक्त तिघीच आलो तर? फार विचित्र दिसेल का?

नागनदी

अगं, तीन पुरेत. मागे आम्ही मोजक्या बायका व्हरायटी चौकात गांधी पुतळ्याजवळ उभ्या राहिलो होतो. पुठ्ठ्याच्या पाट्या, स्केचपेनने लिहिलेल्या. एक ऑटोवाला थांबला आणि पहिला प्रश्न तोच, जो नागपुरात सगळे विचारतात: "कोणत्या पार्टीचे हो?" कोणत्याच नाही म्हटलं तर त्याला पटेना. तो उतरून पाट्यांच्या मागच्या बाजू बघून आला, कुठे चिन्ह छापलंय का म्हणून. नाही सापडलं, तेव्हा पत्रक मागून घेतलं आणि ऑटोच्या हँडलमागे खोचलं. नंतर दोन सवाऱ्या घेऊन परत तिथूनच गेला तेव्हा त्या पाट्यांकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होता. आमच्या संख्येने त्याला काही फरक पडला नाही. पाटीच्या मागे चिन्ह नव्हतं, याने पडला.

म्हणून पक्षाचा झेंडा, उपरणं, नेत्याचा फोटो काही नको. कोणत्याही पक्षाचा माणूस येवो, माणूस म्हणून येवो.

आणि भाषण नको. पत्रक वाचायला दोन मिनिटं, बाकी शांत उभं राहणं. कोणी विचारलं तर बाजूला घेऊन बोलायचं. वाद घालणाऱ्याशी एकानेच बोलावं, घोळका करू नये.

इंदोऱ्याचा_पोरगा

गाणं राहू द्या ना ताई. शांत उभं राहणं बर्डीवर ठीक आहे, वस्तीत लोक गाण्याशिवाय थांबत नाहीत.

पवनारची_वाट

खंजिरी घ्या. तुकडोजी महाराजांची गुरुदेव सेवा मंडळं गावोगाव आहेत, खंजिरी वाजवणारी पोरं सापडतील. महाराज १९५५ ला जपानला विश्वधर्म परिषदेला गेले होते, आणि तेच महाराज १९६२ आणि १९६५ च्या युद्धात सीमेवर जाऊन जवानांना भजनं ऐकवून आले. जवानावर माया करायची आणि युद्ध नको म्हणायचं, हे विदर्भात कोणी नव्याने शिकवायला नको.

कामठीचा_फौजी

महाराजांचं आमच्या वडिलांनी सांगितलं होतं, ते सीमेवर आले होते हे. बरं वाटलं इथे वाचून.

ताई, माझ्या अटी अशा. एक, पत्रकात पहिल्या चार ओळींत जवानाबद्दल लिहा, शेवटी नाही. दोन, पेन्शन आणि जखमी जवानांचा इलाज यांना हात लावू नका असं स्पष्ट लिहा. तीन, अण्वस्त्र कराराचा मुद्दा पहिल्याच दिवशी नका घेऊ. पोखरणचा कामठीत अभिमान आहे, त्यावर भांडण होईल आणि बाकी सगळं राहून जाईल. हे मान्य असेल तर मी आणि आमचे चार-पाच रिटायर्ड साथी येतो. वर्दी नाही, मेडल नाही, साध्या कपड्यात.

वाडी_नाका

चौथी माझी. कारखान्यांतल्या कामगारांची सुरक्षा पत्रकात असावी. आणि गेटवर नाही, वाडी नाक्यावर उभं राहायचं.

नागनदी

पहिल्या दोन अटी आणि वाडीची चौथी, तिन्ही मान्य, आनंदाने.

तिसऱ्या अटीबद्दल मनातलं सांगते. हिरोशिमाच्या दिवशी अण्वस्त्रांबद्दल गप्प बसणं मला जमणार नाही. जानेवारी २०२१ पासून अण्वस्त्रबंदी करार लागू आहे, आपण त्यात नाही. २०२४ चं शांततेचं नोबेल हिबाकुशांच्या, म्हणजे अणुबॉम्बमधून वाचलेल्यांच्या, निहोन हिदानक्यो संघटनेला मिळालं, ऐंशी-नव्वदीतली ती माणसं अजून शाळाशाळांत जाऊन सांगत आहेत. पण तुमचं म्हणणं मी असं मानते की कराराची मागणी पत्रकात नको. हिरोशिमात त्या सकाळी काय झालं तेवढं सांगू, आणि असं पुन्हा कुठेच होऊ नये, आपल्याकडेही नाही, त्यांच्याकडेही नाही, इतकं म्हणू. यावर कामठीतही वाद होऊ नये. दादा, हे चालेल का सांगा.

मग मागणी एकच उरते, आणि तीच बरी: वाद बोलणीतून सोडवा. बाकी सगळं त्याच्या खाली, कारण म्हणून.

काम असं वाटलं आहे. पत्रक मराठीत मी लिहिते, एका पानाच्या वर नाही, टाइप मोठा, म्हणजे चष्मा नसलेल्यालाही वाचता येईल. ठिकाणांची यादी इंदोऱ्याच्या भावाकडे. प्रत्येक ठिकाणी दोन जबाबदार, त्यातली एक बाई असावी, आणि दोघंही वेगळ्या वस्तीचे. पोलिसांना पत्रं वकीलसाहेब करून देणार, नेऊन द्यायची मात्र ठिकाणवाल्यांनी. सरावासाठी पवनारचे काका नागपूरला येणार आहेत, त्यांच्या जाण्यायेण्याची सोय माझी. पाऊस असणारच, ऑगस्ट आहे, तेव्हा पाट्यांना प्लास्टिकचं कव्हर आणि उभं राहायला छप्पर असलेली जागा आधी बघून ठेवा. लहान मुलं पहिल्या वेळी नकोत. सगळ्या ठिकाणांचे फोटो एकाच माणसाकडे यावेत, आणि चेहरे दिसू नयेत असं ज्यांना वाटतं त्यांचे फोटो काढूच नयेत.

आणि एक तयारी आत्तापासून: कुठेही युद्धाला तोंड फुटलं तर ६ तारखेची वाट न बघता दुसऱ्या सकाळी सव्वाआठला याच जागी, याच लोकांनी उभं राहायचं. निरोपाची गरज पडू नये.

कामठीचा_फौजी

चालते. "त्यांच्याकडेही नाही" हे शब्द राहू द्या, मला आवडले. ड्रॅगन पॅलेसच्या बाहेरच्या रस्त्याचं मी पाहतो, तिथल्या लोकांशी बोलून घेतो आधी. जुन्या कामठी ठाण्यात पोच पण मीच आणतो.

नवखी_विद्यार्थिनी

आमच्या गेटवर आता आम्ही पाच जणी आहोत. एक जण धरमपेठेतून येऊन आमच्यात मिसळेल का? आणि पत्रक हिंदीत पण लागेल, आमच्याकडे अर्धी मुलं हिंदी वाचणारी आहेत.

मोमिनपुऱ्यातून

हिंदी मी करते, उर्दूही. मराठी मजकूर शनिवारपर्यंत पाठवा, रविवारी रात्री दोन्ही देते. आणि तुमच्या गेटवर मीच येते, पत्ता खाजगीत पाठव.